पाच चिंचोके दे

साडेतीन वर्षांच्या मुलापुढे ताटलीत पंधरा-वीस चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." मूल वीसपर्यंत न चुकता अंक म्हणणारं आहे, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवून शाबासकी मिळवलेलं आहे, असं धरून चला. तरीही या वयाची बरीच मुलं मूठभर चिंचोके उचलतात आणि तुमच्या तळहातावर ठेवतात. कधी सात निघतात, कधी नऊ. "हे पाच आहेत का?" असं विचारलं तर मान डोलावतात. "मोजून बघ बरं" म्हटलं तर एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत शहाण्यासारखं मोजतात, "सहा, सात" म्हणून थांबतात. आणि "मग पाच आहेत ना?" या प्रश्नाला पुन्हा "हो" म्हणतात.

यावर घरातली मंडळी एक तर म्हणतात की याचं लक्ष नाही, किंवा म्हणतात की याला अजून मोजता येत नाही. पण लक्ष पुरेपूर आहे, आणि मोजलंही बरोबर आहे. मोजणं हा त्या मुलासाठी बोट आणि तोंड यांचा मिळून एक खेळ आहे, त्यातून एक उत्तर निघतं हे त्याला अजून ठाऊक नाही. शेवटी उच्चारलेला 'सात' हा शब्द त्या शेवटच्या चिंचोक्याला चिकटलेला नाही, तो सगळ्या ढिगाबद्दल काही सांगतो, हे मोठ्यांना इतकं उघड वाटतं की ते शिकावं लागतं असं कधी मनातच येत नाही. बालवाडीच्या वयातली गणिताची सर्वांत अवघड पायरी हीच आहे. बेरीज-वजाबाकी तिच्यानंतर येते आणि तुलनेने सोपी जाते.

'इतके दे' हा साधा प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी 1990 आणि 1992 सालच्या अभ्यासांत पद्धतशीर वापरला आणि तेव्हापासून तो जगभर वापरला जातो. त्यातून एक विलक्षण क्रम दिसला. दोन-अडीच वर्षांच्या आसपास मूल 'एक दे' म्हटल्यावर बरोबर एकच वस्तू देतं, पण 'दोन' असो, 'तीन' असो की 'सहा', कोणत्याही मोठ्या संख्येला हाताला येईल तेवढं देतं. काही महिने असेच जातात. मग 'दोन' कळतं. पुन्हा काही महिने. मग 'तीन', क्वचित 'चार'. या सगळ्या काळात तोंडाने दहापर्यंतची ओळ चालूच असते. आणि मग साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास एकदम काहीतरी उलगडतं. पाच, सहा, सात असे एकेक करत शिकायचे राहत नाहीत. मोजून जिथे थांबलो तेवढे आहेत, हे सूत्र हाती लागतं आणि जितके अंक म्हणता येतात तितक्या वस्तू मूल मोजून देऊ लागतं. पहिल्या तीन संख्यांसाठी वर्षभर आणि पुढच्या सगळ्या एका झेपेत, असा हा हिशेब आहे.

पहिल्या तीनच संख्या वेगळ्या का? एक, दोन, तीन वस्तू आपण मोजत नाही, बघतो. ताटात तीन लाडू आहेत हे कळायला बोट लागत नाही. पाच-सहा सुट्या वस्तू पसरल्या की नजर अडखळते आणि मोजणी सुरू करावी लागते. फाशावरचे सहा ठिपके आपण पाहताक्षणी ओळखतो ते त्यांची मांडणी ठरलेली असल्यामुळे. तेच सहा ठिपके अस्ताव्यस्त टाकले तर जरा थांबावं लागेल. लहान मुलाकडेही ही नजर असते. तिच्यावर 'एक', 'दोन', 'तीन' ही नावं बसवणं एवढंच काम असतं. चारच्या पुढे नजर साथ सोडते, आणि मोजणी नावाचं हत्यार खरोखर लागतं.

भाषेचं व्याकरणही इथे हातभार लावतं, हे मला या सगळ्या संशोधनात सर्वांत गोड वाटलेलं आहे. स्लोव्हेनियाच्या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मधोमध द्विवचन जिवंत आहे, आपल्या संस्कृतात असायचं तसं. तिथली मुलं 'दोन' हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर आत्मसात करतात, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. याउलट जपानी भाषेत नामाची वेगळी अनेकवचनी रूपं सहसा नसतात, आणि तिथल्या मुलांना 'एक' पक्का व्हायला इंग्रजी किंवा रशियन मुलांपेक्षा वेळ लागतो. मराठी मूल 'एक आंबा पडला, दोन आंबे पडले' ऐकतं तेव्हा नाम आणि क्रियापद दोन्ही त्याला खुणावत असतात की इथे काहीतरी बदललंय. 'लाडू'सारखं नाम स्वतः बदलत नसलं तरी 'मोठा लाडू होता' आणि 'मोठे लाडू होते' हा फरक कानावर पडतोच. तेव्हा लाडक्या बाळाशी बोलताना 'दोन आंबा खाल्ला?' अशी बोबडी मोडतोड करण्यात मजा असली तरी फायदा काही नाही.

मोजायला नेमकं काय काय यावं लागतं, याची नीट फोड रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल यांनी 1978 साली मुलांच्या संख्याज्ञानावरच्या आपल्या पुस्तकात केली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द मिळाला पाहिजे. शब्दांचा क्रम दर वेळी तोच राहिला पाहिजे. शेवटचा शब्द सगळ्यांची संख्या सांगतो. मोजायच्या वस्तू कोणत्याही चालतात, चिंचोके, माणसं, टाळ्या, अगदी न दिसणारे आवाजसुद्धा. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं. यातल्या दुसऱ्या मुद्द्याची गंमत अशी की शब्द कोणते आहेत याला महत्त्व नाही, क्रम ठरलेला असणं महत्त्वाचं. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची जुनी रीत आहे. लाभ, दोन, तीन असं मापलं म्हणून पोत्यातली ज्वारी काही कमी-जास्त होत नाही. एखादं मूल दर वेळी न चुकता 'एक, दोन, तीन, पाच, आठ' असंच मोजत असेल, तर त्याचा क्रम लोकांशी जुळत नाही इतकंच. क्रम असावा लागतो ही गोष्ट त्याला कळलेली आहे. अशा मुलाला रागावू नये. शब्द दुरुस्त होतात.

पहिला मुद्दा मात्र हाताचं काम आहे आणि तिथे सराव लागतो. बोट पुढे जातं आणि तोंड मागे राहतं, किंवा उलट. 'सहा' या दोन अक्षरांत दोन चिंचोके उरकले जातात. गोल मांडलेल्या वस्तू मोजताना मूल सुरुवात कुठे केली ते विसरतं आणि चकरा मारत राहतं. यावर उपाय साधा आहे: मोजलेली वस्तू उचलून बाजूच्या वाटीत टाकायची. 'वाटीत' म्हणजे मोजून झालेले, 'ताटलीत' म्हणजे राहिलेले. बोटाने दाखवण्यापेक्षा उचलून ठेवणं या वयात कितीतरी सोपं जातं. चित्रांच्या पुस्तकातले ससे मोजायला देणं हे त्यामानाने अवघड, कारण ससा उचलता येत नाही.

अंकांची ओळ मुलाच्या डोक्यात कशी असते, हे कॅरेन फ्युसन यांनी पायऱ्यापायऱ्यांनी दाखवलं. सुरुवातीला ती ओळ शब्दांची नसतेच, 'एकदोनतीनचारपाच' असा एक सलग आवाज असतो. मग शब्द सुटे होतात, पण साखळी अजून एकापासूनच सुरू करावी लागते. "सातनंतर काय?" असं विचारलं की मूल पुटपुटत एकपासून निघतं आणि आठपाशी पोहोचतं. यात हसण्यासारखं काही नाही. आरतीचं तिसरं कडवं मधल्याच ओळीपासून म्हणा म्हटलं तर आपणही मनात सुरुवातीपासूनच येतो. साखळी कुठूनही उचलता येणं ही त्यापुढची पायरी, आणि उलटी म्हणता येणं त्याच्याही पुढची. पाच आणि तीन मिळून किती, हे काढताना पुन्हा एकपासून न मोजता 'पाच... सहा, सात, आठ' असं पुढे मोजता यायला साखळी मधून उचलता यावीच लागते. म्हणून शंभरपर्यंत घोकून घेण्यापेक्षा दहापर्यंतच्या ओळीत हवं तिथून शिरता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. जिन्याच्या पायऱ्या चढताना आज तीनपासून मोजू, उतरताना दहापासून उलटं येऊ, इतकं पुरतं.

इथे झां पियाजे यांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजूनही त्यांचीच छाप आहे. 1941 साली आलिना शेमिन्स्का यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की पाच-सहा वर्षांची मुलंही सारख्या संख्येच्या दोन ओळींपैकी एक पसरवून लांब केली की 'आता यात जास्त आहेत' म्हणतात. यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला की सात वर्षांपर्यंत मुलाला संख्येची समजच नसते, मग शिकवून उपयोग काय. 1974 साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्याच प्रयोगात एक खोडकर टेडी अस्वल आणलं. ओळ मोठ्या माणसाने न हलवता त्या अस्वलाने येऊन विस्कटली. आता चार ते सहा वर्षांची बहुतेक मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. मोठा माणूस मुद्दाम काहीतरी बदलतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो, म्हणजे त्याला वेगळं उत्तर हवं असणार, असं मुलं ओळखत होती. वर्गातही हेच चालतं. बाईंनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पहिलं उत्तर चुकलं असं समजून मूल ते बदलतं. पियाजेंचं निरीक्षण खोटं नव्हतं, पण त्यातला कितीतरी भाग मुलाच्या गणिताचा नसून मोठ्या माणसाच्या विचारण्याचा होता.

तर मग घरी काय करायचं? शिकागोतल्या सुसान लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 44 कुटुंबांमधली रोजची बोलणी मूल 14 महिन्यांचं असल्यापासून 30 महिन्यांचं होईपर्यंत ध्वनिचित्रित केली. ज्या घरांत संख्या जास्त बोलल्या जात होत्या, तिथली मुलं पुढे 46 महिन्यांची झाल्यावर 'पाच' म्हणजे किती हे अधिक चांगलं जाणत होती. 2010 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांत एक बारकावा जोडला गेला: उपयोगी पडतं ते डोळ्यांसमोरच्या वस्तूंबद्दलचं बोलणं, आणि त्यातही चार ते दहा या मोठ्या गटांबद्दलचं. बहुतेक आई-बाबा दोन-तीनवरच थांबतात. 'दोन बिस्किटं घे', 'तीन वेळा टाळ्या वाज' असं बोलणं होतं, पण 'टोपलीत सहा लिंबं आहेत' असं क्वचित.

आणखी एक बारीक गोष्ट. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं की नुसतं मोजून दाखवणं किंवा नुसतं 'हे पाच आहेत' असं सांगणं, यांपैकी एकेकाने फारसा फरक पडत नाही. दोन्ही लागोपाठ केलं की पडतो. आधी "बघ, पाच लिंबं", मग लगेच "एक, दोन, तीन, चार, पाच". मोजणीचा शेवटचा शब्द आणि गटाचं नाव जवळजवळ ऐकू आले की मुलाला त्यांतलं नातं सापडायला मदत होते. यासाठी कसलंही साहित्य विकत आणावं लागत नाही. भाजी निवडताना, शेंगा सोलताना, पानं मांडताना हे होऊन जातं. पानं मांडण्यात तर एकास एक जोडीचा पाठ आपसूक असतो: जेवायला सहा माणसं, सहा ताटं, प्रत्येक ताटाला एक वाटी. वाट्या कमी पडल्या की मूल स्वतःच सांगतं.

विकत न आणता शिकवण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मारिया मॉण्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत संख्येसाठी सुबक लाकडी दांड्या, चकत्या, सोनेरी मणी असं साहित्य तयार झालं. ते सुंदर होतं आणि महागही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा तिथल्या वारली मुलांच्या हाती रोमहून आलेली दांडी देणं शक्यही नव्हतं आणि त्यांना इष्टही वाटलं नाही. बिया, शंखशिंपले, दगड, पानं, काड्या हेच साहित्य झालं. अंगणात जाऊन बालवाडी भरवायची ही ताराबाईंची कल्पना होती. मॉण्टेसरींचा एक बारकावा मात्र कोणीही उचलावा असा आहे. काड्या मोजून ठेवायच्या पेटीत त्यांनी 1 ते 9 सोबत 0 चाही कप्पा ठेवला होता, आणि तो रिकामाच ठेवायचा. शून्य हे मुलाला उशिरा पटतं, कारण मोजायला काही नसताना मोजायचं कसं? रिकामा कप्पा हे त्याचं उत्तर आहे. "शून्य बेडूक उड्या मार" म्हटल्यावर गप्प उभं राहण्यात चार-पाच वर्षांच्या मुलांना जी मजा येते ती पाहण्यासारखी असते.

दहापर्यंत सगळ्या भाषांतल्या मुलांची वाट साधारण सारखीच असते. त्यानंतर रस्ते फुटतात, आणि मराठी मुलाच्या वाट्याला चांगलाच घाट येतो.

चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक', बारा म्हणजे 'दहा-दोन', एकवीस म्हणजे 'दोन-दहा-एक'. दहा शब्द आणि एक नियम एवढं आलं की 99 पर्यंत सगळं आलं. केविन मिलर आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 1995 साली चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना केली. दहापर्यंत दोघं बरोबरीने होती. दहाच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वाकडी होतात, तिथे अमेरिकन मुलं मागे पडू लागली. आता आपलं पाहा. 'दोन' हा शब्द घ्या: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांपैकी एकातही 'दोन' ऐकू येत नाही. सहाचं सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर असं होतं. 'पन्नास'चं पुढच्याच घरात 'वन्न' आणि 'सत्तर'चं 'हत्तर'. प्रत्येक दशकाच्या शेवटी 'एकोण' येऊन पुढच्या दशकाचं नाव आधीच घेऊन टाकतं: एकोणतीस म्हणताना तोंडात तीस आहे आणि कागदावर 2. ही सवय लागते न लागते तोच नव्याण्णवला 'एकोण' गायब. मराठी मूल 1 ते 100 ही नावं नियमाने शिकत नाही, जवळजवळ शंभर शब्द म्हणून पाठ करतं. आणि करतं, हे विशेष.

पाठ होणं हा प्रश्न नाहीच. प्रश्न पाठ झाल्यानंतर सुरू होतो. 'त्रेसष्ट' ऐकलं की तीन आधी कानावर पडतो, साठ नंतर. लिहिताना 6 आधी हवा. मूल 36 लिहून मोकळं होतं. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर असंच बोलतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरच्या 2009 सालच्या एका अभ्यासात ऐकून संख्या लिहिण्यातल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलटापालटीच्या होत्या. आपल्या वह्यांमध्ये त्याशिवाय 'एकोण'ची स्वतंत्र चूक असते: एकोणचाळीस ऐकून 49.

2019 सालच्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक', 'पंचाहत्तर' सोबत 'सत्तर पाच' असं वाचन आलं आणि राज्यभर काय गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेत विनोद झाले, वर्तमानपत्रांत अग्रलेख झाले, मराठी बुडाली असं सांगणारे तर गल्लोगल्ली होते. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, कानडी-तेलुगूसारख्या शेजारच्या भाषांत संख्या याच क्रमाने बोलतात, आणि जोडाक्षरांच्या या जंगलात मुलं गणितालाच घाबरतात. त्यांचं ऐकून घेणारे थोडे होते.

नॉर्वेने हेच मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. तिथेही पूर्वी 'एक-आणि-वीस' म्हणत. टेलिफोन खात्याला आकडे ऐकण्यात होणाऱ्या चुकांनी हैराण केलं होतं. संसदेने निर्णय घेतला आणि 1 जुलै 1951 पासून शाळा, सरकारी कामकाज आणि रेडिओ यांनी 'वीस-एक' ही रीत धरली. भाषा बुडाली नाही. इतकंच काय, सत्तर वर्षं उलटून गेल्यावरही जुनी रीत बोलण्यातून पूर्ण गेलेली नाही. एकाच घरात दोन्ही चालतात.

माझं मत विचाराल तर 'बेचाळीस' आणि 'अठ्ठ्याहत्तर' ही नावं सोडून देण्याचं काही कारण नाही. बाजारात, एसटीत, आजीच्या बोलण्यात तीच आहेत. पण 'चाळीस दोन' ही बेचाळीसची उकल म्हणून मुलाच्या कानी आधी पडली तर त्यात मराठीचं काहीही जात नाही. "चाळीस आणि दोन, त्याला म्हणायचं बेचाळीस." एवढं एक वाक्य बोलायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. पुष्कळ शिक्षिका ते त्या वादाच्या आधीपासून बोलत आल्या आहेत.

नाव कसंही असो, दहाचा गट हाताने बांधल्याशिवाय कळत नाही. आयरिन मिउरा यांनी निरनिराळ्या देशांतल्या पहिलीच्या मुलांना सुटे ठोकळे आणि दहाच्या दांड्या देऊन 42 दाखवायला सांगितलं होतं. जपान, कोरिया, चीन इथली मुलं सहज चार दांड्या आणि दोन सुटे ठेवत. अमेरिकेतली पुष्कळ मुलं बेचाळीस सुटे ठोकळे मोजत बसत. आपल्या मुलांना दहा काड्यांची जुडी स्वतः रबराने बांधू द्यावी. बांधलेली मिळालेली जुडी ही त्यांच्या लेखी एक वस्तू असते, दहा नव्हे. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आता शंभर मण्यांची माळ भिंतीवर दिसते, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. ती लोंबती ठेवण्यात अर्थ नाही. "सदतीस दाखव" म्हटल्यावर मूल तीन रंगपट्टे ओलांडून सात मणी पुढे गेलं की तीस आणि सात हे दोन्ही त्याच्या बोटांखालून जातात. चाळीसवर जाऊन तीन मागे आलं तर आणखी छान.

संख्या ही एका रांगेत बसलेली असते आणि पुढे जावं तशी मोठी होते, हे शिकवायला पट पुरतो. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 साली गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 घरांचा एक सरळ पट खेळायला दिला. पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, दोन आठवड्यांत. आकड्यांऐवजी रंगांचा तसाच पट खेळलेल्या मुलांपेक्षा या मुलांची संख्यांची जाण स्पष्ट सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती. खेळण्याची रीत मात्र महत्त्वाची होती. सोंगटी 4 वर असताना दोन पडले तर 'एक, दोन' म्हणत सरकायचं नाही, 'पाच, सहा' म्हणत सरकायचं. घरोघरी आपण नेमकं उलट करतो. सापशिडीचा पट या वयाला तितकासा सोयीचा नाही, कारण त्याच्या ओळी नागमोडी जातात आणि 11 हा 10 च्या डोक्यावर जाऊन बसतो. खडूने अंगणात दहा घरं आखली की काम होतं, वर उड्या मारता येतात हा फायदा वेगळा.

लिहिण्याची घाई मी सगळ्यात शेवटी ठेवेन. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल नीट ठरत नाही, आणि बऱ्याच बालवाड्यांत पालकांना दाखवायला म्हणून 1 ते 50 च्या ओळी गिरवून घेतात. 3 उलटा काढणं किंवा देवनागरी २ आणि इंग्रजी 2 यांची सरमिसळ होणं हे वर्ष-सहा महिन्यांत जातं, त्याचा संख्या समजण्याशी फारसा संबंध नाही. वहीत पन्नास सुंदर आकडे आणि ताटलीतून पाच चिंचोके देता न येणं, हे दोन्ही एकाच मुलाच्या बाबतीत खरं असू शकतं.

आणि पाच देता आले म्हणजेही सगळं आलं असं नाही. सहा चिंचोके मोजून झाकलेल्या डब्यात टाकले, मग त्यात आणखी एक टाकला, तर आत सात आहेत की आठ? बरोबर मोजून देणारी कितीतरी मुलं इथे अंदाजाने उत्तर देतात, असं 2012 साली डेव्हिड बार्नर यांच्या गटाने दाखवलं. एक मिळवला की साखळीतला लगेच पुढचा शब्द येतो, हे लहान संख्यांपुरतं आधी कळतं आणि मोठ्यांना लागू व्हायला आणखी एक-दोन वर्षं जातात. कोणत्याही संख्येत एक मिळवता येतो, म्हणून सर्वांत मोठी संख्या अशी काही नसते, हे तर साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं, आणि ते आधी उमगतं ते खूप पुढपर्यंत मोजू शकणाऱ्या मुलांना. त्यांना नियम दिसलेला असतो.

मराठीत तो नियम शंभराच्या आत दडून बसतो आणि शंभर ओलांडताच उघडा पडतो: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. शंभर येताच टाळ्या वाजवून थांबण्याची आपली रीत म्हणूनच चुकीच्या जागी थांबते. तिथून पुढे एकशे दहापर्यंत जाऊ द्यावं, मग एकदम एकशे अठ्ठ्याण्णववर उडी मारून मुलाला पुढचे दोन म्हणू द्यावेत. दोनशेनंतर काय येतं ते बहुतेकांना सांगावं लागत नाही.